मुंबई ते कराची : अंतर ८७५ किलोमीटर

धागा लांब आहे, सवडीने वाचावा. विषय वरकरणी अगदीच किरकोळ वाटेल : मुंबई आणि कराची या दोन विमानतळांमधील अंतर, आणि ते कापण्यास लागणारा वेळ.

अंतर काढून देणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर ही दोन नावे घातली की क्षणात उत्तर येते. हवाई अंतर सुमारे ८७५ किलोमीटर, उड्डाणाचा वेळ दीड तासाच्या आसपास. यातील पहिला आकडा खरा आहे. दुसरा गणिताने बरोबर आणि व्यवहारात निव्वळ काल्पनिक आहे, कारण मुंबईहून थेट कराचीला जाणारे एकही प्रवासी विमान आज उडत नाही. हा दुसरा आकडा भूगोलाचा नाहीच, तो राज्यकर्त्यांच्या मर्जीचा आकडा आहे, असे माझे म्हणणे आहे. ही मर्जी वर्षानुवर्षे चुकीच्या जागी खर्ची पडत आली आहे, असेही म्हणणे आहे. त्यासाठी गेल्या नव्वद वर्षांचा हिशेब पाहावा लागेल.

प्रथम हा आकडा निघतो कसा ते पाहू. पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणी टाचण्या टोचून त्यांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो ज्या रेषेत बसतो ती दोन स्थळांमधील सर्वांत जवळची वाट. संगणक अक्षांश-रेखांशांवरून त्याच दोऱ्याची लांबी काढतो. मग ताशी आठशे-साडेआठशे किलोमीटर वेग धरून भागाकार करतो आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवतो. वारा, पाऊस, विमानतळावरची गर्दी यांची त्याला वार्ता नसते. सरहद्दीची तर नसतेच.

८७५ किलोमीटर म्हणजे किती, याचा अंदाज मुंबईकराला चटकन यावा म्हणून सांगतो. बंगळूर मुंबईपासून याहून जेमतेम चाळीस किलोमीटर जवळ आहे. दिल्ली याहून अडीचशेवर किलोमीटर दूर आहे. म्हणजे कराची हे मुंबईच्या दिल्लीपेक्षा जवळचे, समुद्राच्या एकाच किनाऱ्यावरचे शहर.

आता प्रत्यक्षातली वाट. आज कोणाला मुंबईहून विमानाने कराचीला जायचे असेल, तर बहुधा दुबई गाठावी लागते. मुंबई–दुबई सुमारे १,९३० किलोमीटर आणि दुबई–कराची सुमारे १,१९०. बेरीज ३,१२० किलोमीटर, म्हणजे सरळ अंतराच्या साडेतीनपटीहून अधिक. कराचीचे रेखांश मागे टाकून अरबी समुद्र ओलांडायचा, आणि मग त्याच समुद्रावरून उलटे पूर्वेकडे यायचे. द्राविडी प्राणायाम हा शब्द यासाठीच जन्माला आला असावा. पहिल्या उड्डाणाचे तीन तास, दुसऱ्याचे दोनेक तास आणि मध्ये विमान बदलण्याचे दोन-तीन तास धरले, तर सगळे जुळून आल्यास सात-आठ तास होतात. जुळून आले नाही, तर रात्र विमानतळावरच.

हे सात-आठ तास ध्यानात ठेवावेत.

१५ ऑक्टोबर १९३२. कराचीच्या ड्रिग रोड धावपट्टीवरून सकाळी सहा वाजून पस्तीस मिनिटांनी एक लहानसे 'पस मॉथ' विमान उडाले. इंजिन एक, वेग ताशी सुमारे १६० किलोमीटर, सोबत पंचवीस किलो टपाल, आणि चालवणारे अठ्ठावीस वर्षांचे जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा. विमानात रेडिओ नव्हता, जमिनीवरून दिशा दाखवणारे कोणतेही साधन नव्हते. अहमदाबादला उतरून इंधन भरायचे होते, आणि ते इंधन बर्मा शेल कंपनीच्या डब्यांतून बैलगाडीने आणलेले होते. तेथून ते मुंबईकडे वळले आणि दुपारी एक वाजून पन्नास मिनिटांनी जुहूला उतरले. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. भारतीय नागरी विमानवाहतुकीचा हा प्रारंभ, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते.

कराचीच का, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. १९२९ पासून इम्पीरियल एअरवेजची विमाने लंडनहून कराचीपर्यंत टपाल आणत. तो प्रवास सुमारे सात दिवसांचा होता. कराची हे त्या काळी विमानांसाठी हिंदुस्थानचे महाद्वार होते, मुंबई नव्हे. विलायतेचे टपाल हवेतून कराचीला येई आणि मग आगगाडीत बसून धूळ खात मुंबईकडे निघे. टाटांच्या विमानाने तो शेवटचा टप्पा हवेत नेला. टपालखात्याने कोणतेही अनुदान देऊ केले नव्हते, तरी हा उद्योग चालला. पावसाळ्यात जुहूचा चिखल होई, म्हणून मुक्काम पुण्याला हलवावा लागे. घाटातले धुके आणि सरी झेलत विमाने उडत राहिली. मुलकी विमानखात्याच्या अहवालातही त्या सेवेच्या वक्तशीरपणाचे कौतुक झाले. आपल्याकडे सरकारी अहवालात खासगी माणसाचे कौतुक येणे, ही बातमी उड्डाणाइतकीच मोठी म्हणावी लागेल.

सहा पस्तीस ते एक पन्नास : सव्वासात तास. यात अहमदाबादचा थांबा आला. तो फेरा धरून कापलेले अंतर हजार किलोमीटरच्या थोडे वर भरते.

म्हणजे १९३२ साली कापडी पंखांचे एकटे इंजिन बैलगाडीवरचे इंधन भरून कराची ते मुंबई जितक्या वेळात आले, तितक्याच वेळात, किंवा त्याहूनही उशिरा, आज आपण ताशी आठशे किलोमीटर वेगाच्या विमानात बसून पोहोचतो. विज्ञानाने वेग पाचपट केला, राजकारणाने तो सगळाच्या सगळा परत घेतला.

आणखी एक गोष्ट. ज्या दिवशी ते विमान उडाले, त्या दिवशी कराची, अहमदाबाद आणि मुंबई ही तिन्ही शहरे एकाच प्रांतात होती. सिंध हा मुंबई इलाख्याचा भाग होता आणि तो १ एप्रिल १९३६ रोजी वेगळा झाला. कराचीच्या अधिकाऱ्याचे वरिष्ठ मुंबईत बसत. कराचीतील नारायण जगन्नाथ हायस्कूल या नामांकित शाळेला ज्यांचे नाव आहे, ते नारायण जगन्नाथ वैद्य शिक्षणखात्याच्या नोकरीत सिंधमध्ये गेलेले मराठी गृहस्थ. कराचीत मराठी कुटुंबे आजही आहेत, आणि तेथे गणपतीही बसतात. पहिले टपाल-उड्डाण हे परदेशातून मायदेशी आलेले उड्डाण नव्हते. ते एका इलाख्याच्या दोन बंदरांमधले होते.

मग फाळणी झाली. सिंधमधून लाखो हिंदू निघाले आणि त्यांतील पुष्कळजण कराचीहून बोटीने मुंबईला आले. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत त्यांची सोय झाली आणि १९४९ साली त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. मुंबईहून कराचीला कोणाचे काय काम, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर उल्हासनगरात आहे. उलट बाजूने मुंबई आणि गुजरातमधून कराचीत स्थायिक झालेल्यांच्या घरांतही ते आहे. या लोकांसाठी ८७५ हा आकडा कुतूहलाचा नाही. आजोबांचे घर, आत्याची समाधी, चुलतभावाचे लग्न या गोष्टी त्या आकड्याच्या पलीकडे उभ्या आहेत.

जमिनीवर सरहद्द आखली गेली, तरी आकाश लगेच बंद झाले नाही, ही गोष्ट आता विस्मरणात गेली आहे. १९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक राष्ट्राला आपल्या भूमीवरील आकाशाची संपूर्ण मालकी दिली होती. पण त्याच्या जोडीनेच झालेल्या दुसऱ्या कराराने एकमेकांच्या आकाशातून न थांबता जाण्याची मुभाही सभासद राष्ट्रांनी परस्परांना दिली. भारत आणि पाकिस्तान दोघेही या दोन्ही करारांत आहेत. आकाशाची मालकी आणि आकाशातून वाट देण्याचे वचन ही एकाच नाण्याची दोन अंगे होती. पुढे वाद पेटला की दोन्ही सरकारे पहिले अंग तेवढे दाखवत राहिली.

१९६५ च्या युद्धात ही वाट पहिल्यांदा तुटली आणि १९६६ च्या आरंभी, ताश्कंदनंतर, आकाशातून जाण्याची मुभा परत मिळाली. खरा घाव बसला १९७१ साली. ३० जानेवारीला श्रीनगरहून जम्मूला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे 'गंगा' हे फॉकर विमान दोघांनी पळवून लाहोरला नेले. प्रवासी सुटले, पण विमान तेथे जाळण्यात आले. भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले.

या एका निर्णयाने अंतराचे काय झाले ते पाहा. कराची आणि ढाका ही तेव्हा एकाच देशाची दोन मोठी शहरे होती. भारतावरून गेले तर सुमारे २,३५० किलोमीटर. बंदीनंतर पाकिस्तानी विमाने सगळा भारतीय द्वीपकल्प वळसा घालून कोलंबोमार्गे जाऊ लागली, आणि हे अंतर साडेचार हजार किलोमीटरांच्या वर गेले. ढाका एका रात्रीत दुप्पट दूर गेले. मार्चनंतर पूर्व बंगालात सैन्य आणि सामान याच लांब वाटेने जात होते, म्हणून त्या बंदीला युद्धनीतीच्या दृष्टीने अर्थ होता, हे मान्यच केले पाहिजे. आकाश बंद करण्याला ठोस परिणाम साधण्याचे सामर्थ्य असलेला हा या इतिहासातील बहुधा एकमेव प्रसंग.

पाकिस्तान हा वाद आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेपुढे घेऊन गेला. त्या संघटनेच्या परिषदेला हा खटला ऐकण्याचा अधिकारच नाही, असे म्हणत भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. भारताची बाजू मांडली मुंबईच्या नानी पालखीवालांनी. १८ ऑगस्ट १९७२ रोजी निकाल भारताच्या विरोधात गेला : परिषदेला अधिकार आहे, असे न्यायालयाने ठरवले. तोवर बांगलादेश जन्माला आला होता आणि ज्या मार्गासाठी भांडण, तो मार्गच नकाशावरून पुसला गेला होता. हवाई संबंध पुन्हा सुरू झाले १९७६ मध्ये. पाच वर्षे गेली.

यानंतरचा काळ मुंबई–कराची मार्गाचा त्यातल्या त्यात बरा. पण या मार्गाच्या इतिहासात ५ सप्टेंबर १९८६ ही तारीखही आहे. पॅन अ‍ॅमचे ७३ क्रमांकाचे विमान मुंबईहून कराचीला उतरले होते, पुढे फ्रँकफर्टमार्गे न्यूयॉर्कला जायचे होते. कराचीच्या धावपट्टीवरच अतिरेक्यांनी ते ताब्यात घेतले. नीरजा भनोत या मुंबईच्या तरुणीने वैमानिकांना वेळेत सावध केले, प्रवाशांना बाहेर काढले आणि मुलांना वाचवताना प्राण दिले. भारताने त्यांना अशोकचक्र दिले, पाकिस्ताननेही त्यांचा सन्मान केला. मुंबई–कराची उड्डाणांबद्दल लिहिताना सुरक्षेचा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही, तो या प्रसंगामुळे. पण त्या हल्ल्यानंतर हा मार्ग बंद झाला नव्हता, हेही तेवढेच खरे.

पुढची यादी भरभर सांगतो, कारण तीत नवे काही नाही. संसदेवरील हल्ल्यानंतर १ जानेवारी २००२ पासून दोन वर्षे आकाश बंद. १ जानेवारी २००४ ला उघडले. पीआयएची कराची–मुंबई सेवा २०१७ मध्ये थांबली. तिच्यासाठी कोणी फर्मान काढण्याची गरजच पडली नाही. व्हिसा दुर्मीळ झाला की प्रवासी आटतात, प्रवासी आटले की सेवा तोट्यात जाते, आणि मग तिकीटखिडकी आपोआप बंद होते. २७ फेब्रुवारी २०१९ ला, बालाकोटनंतर, पाकिस्तानने आकाश मिटले ते १६ जुलैला उघडले. २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर २४ एप्रिलला पाकिस्तानने भारतीय विमानांना आणि ३० एप्रिलला भारताने पाकिस्तानी विमानांना बंदी घातली. त्यानंतर महिनामहिन्याने मुदत वाढत गेली.

आता माझे मत. युद्ध पेटलेले असताना, किंवा पेटण्याच्या बेतात असताना, नागरी विमानांना त्या आकाशातून दूर ठेवणे हे कोणत्याही सरकारचे कर्तव्य आहे. २०१४ साली युक्रेनवर मलेशियाचे प्रवासी विमान क्षेपणास्त्राने पडले आणि २९८ माणसे गेली. ते आकाश वेळेत बंद झाले असते तर ती वाचली असती. त्यामुळे तोफा धडाडत असतानाच्या बंदीविषयी माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती तोफा थांबल्यानंतरच्या बंदीविषयी. २०२५ च्या बंदीचा मजकूर नीट वाचावा. ती फक्त परस्परांच्या विमानांना आहे. आखाती, युरोपीय विमानकंपन्यांना दोन्ही आकाशे खुली आहेत. जे आकाश परक्या विमानातील चारशे प्रवाशांना सुरक्षित आहे, ते भारतीय विमानातील चारशेंना धोक्याचे कसे? याचे उत्तर कोणी देत नाही, कारण हा प्रश्न सुरक्षेचा नाहीच. बंदी म्हणजे रोषाचे निदर्शन आहे. रोष सकारण आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण निदर्शनाचा खर्च कोणाच्या खिशातून होतो?

२०१९ चा हिशेब सरकारनेच राज्यसभेत सांगितला होता : २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा फटका. इंडिगोच्या दिल्ली–इस्तंबूल विमानाला वळशामुळे इंधन पुरेना, म्हणून ते दोह्याला उतरून भरावे लागे. २०२५ मध्ये त्याच कंपनीला दिल्लीहून अल्माटी आणि ताश्कंदची उड्डाणे बंद करावी लागली, कारण त्या विमानांच्या पल्ल्यात ती शहरेच उरली नाहीत. इकडे आपण मध्य आशियाशी जवळीक वाढवण्याची भाषणे करतो! पाकिस्तानचेही काही कमी गेले नाही, आकाशातून जाऊ देण्याचे जे शुल्क मिळते ते बुडाले. ज्या कंपन्यांच्या विमानांना वळसा पडत नाही, त्यांच्याकडे दोन्ही बाजूंचे प्रवासी आयते गेले. दोन शेजाऱ्यांनी एकमेकांची वाट अडवावी आणि तिसऱ्याने टांगा हाकून भाडे कमवावे, असा हा व्यवहार.

यावर नेहमीचे उत्तर येते : ज्यांची माणसे अतिरेक्यांनी मारली त्यांच्यापुढे विमानाच्या तिकिटाचे रडगाणे गाऊ नये. उत्तर वजनदार आहे, आणि ते भावनेने दिलेले असेल तर त्यापुढे मी नम्र आहे. पण धोरण म्हणून ते तपासावे लागेल. २००२ पासून दोन वर्षे आकाश बंद होते. २०१९ ला साडेचार महिने होते. यातील एका तरी बंदीने पुढचा हल्ला टळला काय? हत्या करणारे व्हिसा घेऊन, तिकीट काढून, ओळखपत्र दाखवून विमानात बसत नाहीत. २००८ साली मुंबईवर आलेले दहाजण कराचीहून समुद्रमार्गे आले होते. ज्यांच्या नावाची, छायाचित्राची आणि सामानाची नोंद सरकारदरबारी आधीच होते, असा मार्ग आपण बंद करतो. नोंद न होणाऱ्या मार्गांना त्याने काहीच होत नाही.

म्हणून मला वाटते, दोन गोष्टी वेगळ्या करता येतील. पहिली, आकाशातून जाण्याची मुभा. ती दोन्ही देशांनी प्रत्यक्ष लढाईचे दिवस सोडून रोषाच्या यादीतून कायमची काढावी, आणि लढाई थांबल्यावर किती दिवसांत ती परत मिळेल हे आधीच लिहून ठेवावे. सिंधू करारासारखा करारही अडचणीत सापडल्यावर असा लेखी शब्द पाळला जाईलच असे नाही, हे मला समजते. तरी लेखी शब्द मोडण्यास निदान कारण द्यावे लागते. महिन्याच्या सूचनेची मुदत वाढवण्यास कारकुनाची सही पुरते. दुसरी गोष्ट थेट उड्डाणांची. ती मुत्सद्देगिरीचा भाग आहे आणि राहील. तिची घाई व्हावी असे मी म्हणत नाही. पण जेव्हा केव्हा व्हिसाची खिडकी किलकिली होईल, तेव्हा तिच्यासोबत मुंबई–कराचीचे आठवड्यातून एक विमान असावे. वृद्ध माणसांना दुबईच्या विमानतळावर रात्र काढायला लावणे, यात कोणत्याच राष्ट्राची शान नाही.

शेवटी पुन्हा त्या 'पस मॉथ'च्या वाटेकडे. टाटांनी ते उड्डाण आयुष्यात दोनदा पुन्हा करून दाखवले, १९६२ साली आणि १९८२ साली. दुसऱ्या वेळी त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर होते, विमान होते जुने 'लेपर्ड मॉथ'. दोन्ही वर्षे वाट उघडी असण्याच्या काळातली : पहिले १९६५ च्या आधीचे, दुसरे १९७६ च्या नंतरचे. दोन्ही वेळा ते कराचीहून निघाले आणि मुंबईला उतरले.

नव्वद वर्षे पूर्ण झाली तेव्हा, १५ ऑक्टोबर २०२२ रोजी, आरोही पंडित या मुंबईच्या तरुण वैमानिकेने त्या उड्डाणाच्या स्मरणार्थ लहान विमानातून तीच वाट पुन्हा धरली आणि ती जुहूला उतरली. निघाली मात्र भूजहून.